साळिंदरबाईंचा युरोपातला थांबा

एका जंगलात, मुलांनो, बाहेर फिरून आलेल्याला थेट घरी जाता येत नसे. आधी मोहाच्या झाडाखाली बसावं लागे. सगळं जंगल जमे. तो काय काय पाहिलं ते सांगे आणि ऐकणारे वाट बघत असत, काय राहिलं ते कळण्याची.

ते कळलं की कुणीतरी अगदी मायेनं विचारी, "म्हणजे, तिथपर्यंत गेलात आणि ते नाही पाहिलंत?"

बिचारे तरसकाका. युरोपला जाऊन आले, पण पिसाचा कलता मनोरा राहिला. तेव्हापासून त्यांचं नाव 'अर्धायुरोप' पडलं. बारशाचं बोलावणंसुद्धा त्याच नावानं येई.

याच जंगलात अनंता नावाचं एक साळिंदर होतं. त्यानं ठरवलं, आईला युरोप दाखवायचा. भाड्याची मोटार घ्यायची आणि आपणच चालवायची. तिकडे एका देशातून दुसऱ्यात जाताना सहसा कुणी अडवत नाही, असं त्यानं ऐकलं होतं. त्याला ते खरं वाटेना. कारण त्याच्या जंगलात हद्द म्हणजे वाघाचा वास. तो आला की गुपचूप माघारी फिरायचं.

अनंता विचार करू लागला. कुणी अडवत नसेल, तर मग थांबायचं तरी कशाला?

त्यानं अंगणातल्या धुळीत आपल्याच एका गळलेल्या काट्यानं युरोप काढला. जिथे जायचं तिथे खडा ठेवला. लगेच शेजारी जमले.

"पॅरिसचा मनोरा घेतलात ना, अनंतराव?" तरसकाकांनी विचारलं.

"पहिला खडा तोच."

"पिसा?"

"काका, पिसा कसा विसरेन? तुमच्याकडे बघतोय ना रोज."

भेकरीणबाई म्हणाल्या, "आणि ब्रसेल्सचा तो शू करणारा मुलगा? पुतळा आहे हो, कारंज्यावरचा."

"त्यात बघण्यासारखं काय?" अनंताच्या आईनं, म्हणजे साळिंदरबाईंनी विचारलं.

"ते मला नाही माहीत. पण माझ्या जावेनं बघितलाय."

अनंतानं ब्रसेल्सला खडा ठेवला.

असे खडे वाढत गेले. कुणाची पवनचक्की, कुणाचा धबधबा, कुणाचं चॉकलेटचं दुकान. शेवटी अंगणात खडेच खडे झाले आणि रस्ता काढायला जागा उरली नाही. अनंता मात्र खूश होता. मोटारीतून उतरायचं, फोटो काढायचा, परत बसायचं. आईला खिडकीजवळची जागा आणि मांडीवर भडंगाचा डबा.

साळिंदरबाई जंगलच्या शाळेत भूगोल शिकवत. डॅन्यूब नदी शिकवता शिकवता त्यांचे काटे पांढरे झाले होते. ती नदी एके ठिकाणी दोन देशांच्या मधून जाते. नकाशात तिच्यावर तुटक रेघ असते. मुलं दरवर्षी विचारत, "बाई, ती रेघ पाण्यात कशी दिसते?" बाई दरवर्षी म्हणत, "पुढचा धडा काढा."

"अनंता," त्या म्हणाल्या, "मला त्या नदीकाठी जरा बसायचंय."

"बसून काय करायचं?"

"बसायचं."

"आई, बसायला आपलं अंगण आहे की. एवढा खर्च करून जायचं आणि बसायचं? लोक काय म्हणतील?"

"तुझ्या त्या पुतळ्यापुढे थांबायचं, मग माझ्यासाठी का नाही?"

"पुतळ्याचं सगळ्यांना माहीत आहे. तुझ्या बसण्याचं कुणाला माहीत आहे?"

साळिंदरबाई उठल्या आणि धनेशीणबाईंच्या झाडाकडे गेल्या.

मुलांनो, धनेशाची मादी अंडी घालते तेव्हा ढोलीत स्वतःला कोंडून घेते. दार लिंपून टाकते. फक्त एक फट ठेवते. नवरा त्या फटीतून फळं आत देतो आणि ती त्याच फटीतून बातम्या बाहेर देते. जंगलात सगळ्यांत आधी तिला सगळं कळतं.

"काय गं, कशी आहेस?" साळिंदरबाईंनी फटीशी तोंड नेलं. "एक ऐकलंस का? डॅन्यूबच्या काठी एक जागा आहे म्हणे. पलीकडच्या देशातले दिवे लागेपर्यंत तिथे बसावं लागतं. नाहीतर तुम्ही युरोपला गेलात असं धरतच नाहीत."

"कोण धरत नाहीत?"

"जाणकार."

"अगंबाई, मग अर्धायुरोपांचं तर काहीच उरलं नाही," फटीतून आवाज आला.

दुसऱ्या दिवशी अनंता पाणी प्यायला गेला, तर तिथे भेकरीणबाई उभ्याच होत्या.

"डॅन्यूबला बसणार ना, अनंतराव? किती उशिरापर्यंत?"

अनंता धावत घरी आला. त्यानं पाच-सहा खडे उधळले, पवनचक्की काढली, चॉकलेटचं दुकान काढलं आणि नदीवर अंगणातला सगळ्यांत मोठा खडा ठेवला.

"आई, तुझं नशीब बघ," तो म्हणाला. "तुझी नदी नेमकी महत्त्वाची निघाली."

"हो का?" साळिंदरबाई म्हणाल्या.

पॅरिस झालं, पुतळा झाला, पिसाही झाला. दोघं नदीवर पोचली. अलीकडे हंगेरी, पलीकडे स्लोव्हाकिया. मधे पूल. अनंतानं फोटो काढला.

"झालं?"

"दिवे लागायचेत."

अनंता बसला. सवयीनं त्यानं हवेत नाक फिरवलं. वाघाचा वास नव्हता. पुलावरून एक म्हातारी पावाची पिशवी घेऊन चालत गेली. या देशातून निघाली, त्या देशात पोचली. मधे तिनं फक्त पिशवीचा हात बदलला.

"तिला कुणी काही विचारलं नाही," अनंता म्हणाला.

"नाही."

"रेघ कुठे आहे?"

"पाण्याच्या मधोमध."

तो बराच वेळ पाण्याच्या मधोमध बघत राहिला. पाणी नुसतं वाहत होतं. समोर एक दिवा लागला, मग दुसरा, मग पुष्कळ.

साळिंदरबाई उठल्या. "चल बाबा. लागले दिवे. पुढचा खडा राहील."

अनंता हलला नाही.

"बस गं जरा," तो म्हणाला. "त्या कोपऱ्यातल्या घरात अजून अंधार आहे."

तात्पर्य: मनातली इच्छा घरच्यांना खरी खरी सांगू नये, तिच्यासाठी कुणी गाडी थांबवत नाही. शेजारणीला खोटी सांगावी.