गळती-पूजन सोहळा

बाळांनो, जगातल्या सगळ्या जंगलांच्या गोष्टी मला तोंडपाठ आहेत. बरं, एकच. तिचाही शेवट कधीकधी विसरतो.

तर एका जंगलात एक तळं होतं. तळ्यात गोदाक्का कासवीण राहायची. एक दिवस तिला दिसलं, बांधाला चीर पडलीय आणि पाणी झिरपतंय. घरच चाललं हो तिचं!

ती तुरुतुरु निघाली, म्हणजे कासवाच्या मानाने, आणि ‘दैनिक झुडूप’चे वार्ताहर भारद्वाजसाहेब यांच्या फांदीखाली पोचली.

“साहेब, बांध गळतोय. बातमी द्या ना.”

“कोण कोण उपस्थित होतं?”

“कुठं?”

“गळताना.”

“मीच होते.”

“एकट्याच? अक्का, ज्याचं नाव छापतो तोच अंक घेतो. काही कार्यक्रम असेल तर बोला.”

गोदाक्काने डोकं आत घेतलं. विचार ती आतच करायची. मग डोकं बाहेर आलं.

“आहे की! गळती-पूजन. सिंहमहाराजांच्या शुभहस्ते!”

महाराज स्वतःच्या डोळ्यांनी चीर बघतील, तर बुजवतीलच, असा तिचा हिशेब.

महाराज उशिरा आले, म्हणजे वेळेवरच. मागे हत्ती, गवे, रानडुकरं. हारतुरे झाले. महाराजांनी चिरेवरच नारळ फोडला आणि हळूच विचारलं, “कशाचं आहे हे?”

“महाराज, बांध गळतोय, तो जरा...”

“वा, वा! असंच चालू ठेवा!”

“फोटो!” भारद्वाजसाहेब ओरडले. “सगळे बांधावर चढा. अक्का, तुम्ही मधे. हत्तीदादा, जरा मागे. अजून जरा...”

हत्तीदादा अजून जरा मागे गेले.

बांधही गेला.

दुसऱ्या दिवशी झुडुपात बातमी आली : ‘गळती-पूजन सोहळा उत्साहात संपन्न’. खाली सगळ्यांची नावं, अगदी डुकरांच्या मेव्हण्यांसकट. गोदाक्काने ती चिखलात बसून वाचली आणि तडक फांदी गाठली.

“साहेब, बांध फुटला, तळं गेलं, ते कुठाय यात? आणि आता विचारू नका कोण उपस्थित होतं. अख्खं जंगल होतं!”

भारद्वाजसाहेबांनी चोच पुसली.

“छापतो की अक्का. पण आयोजक म्हणून तुमचं नाव सगळ्यात वर येईल. चालेल?”

तात्पर्य : बांध गळत असेल तर गप्प बसावं, बाळांनो. झिरपणारं तळं पुष्कळ दिवस टिकतं; उद्घाटन झालेलं टिकत नाही.