संध्याकाळपर्यंत हयात नाही

"एकही माणूस हरवणार नाही, बाबा! तुमच्या खापरपणजोबांपासून आपल्या छकुलीपर्यंत सगळे नव्या प्रोग्रॅममध्ये सुखरूप पोचतील. हा खटारा आता फेकून द्यायचा!"

सूनबाईंनी छाती ठोकून सांगितलं. छातीशी छकुली बिलगलेली होती, त्यामुळे दोन ठोके तिलाही बसले. तिने नुसती जांभई दिली.

खटारा म्हणजे सासऱ्यांचा वंशावळीचा प्रोग्रॅम. निवृत्त झाल्यापासून त्यांनी त्यात झाडून सगळे नातेवाईक कोंबले होते. तो बनवणाऱ्या कंपनीने कधीच गाशा गुंडाळला होता, आणि ज्या कॉम्प्युटरवर तो चालायचा तो सुरू होताना दमेकऱ्यासारखा धापा टाकायचा. एक दिवस हा डोळे मिटणार आणि अख्खं खानदान सोबत नेणार, हे सासऱ्यांनाही कळत होतं. पण म्हणून खटारा?

"घे करून," ते घुश्शात म्हणाले. "पण एक जरी माणूस इकडचा तिकडे झाला, तर पुन्हा या टेबलाकडे फिरकायचं नाही!"

मग त्यांनी कॉम्प्युटरवर फटाफट काहीतरी दाबलं आणि तोंड फुगवून आतल्या खोलीत जाऊन आडवे झाले.

सूनबाईंच्या दृष्टीने हा इभ्रतीचा प्रश्न होता. छकुली होण्याआधी ऑफिसात अशी कामं त्या हसत हसत हातावेगळी करायच्या. हल्ली मोबाइल फ्रिजमध्ये आणि दुधाची बाटली चार्जरजवळ सापडायची! बाळंतपणात मेंदू दवाखान्यातच राहून गेला की काय, अशी त्यांना दाट शंका होती. तो जागेवर आहे हे दाखवायला छकुलीची दुपारची झोप तेवढी हाताशी होती.

छकुलीने डोळे मिटले, सूनबाईंनी खुर्ची गाठली. नवा प्रोग्रॅम जुन्यातली माणसं भराभर गिळू लागला. मध्येच लाल अक्षरं उमटली: 'काही व्यक्तींचे एकाहून अधिक मृत्यू नोंदले आहेत.'

"खटाऱ्याला म्हातारचळ लागलाय," सूनबाई पुटपुटल्या आणि पुढे गेल्या.

शेवटी नव्या प्रोग्रॅमने अदबीने विचारलं, 'कुटुंबीयांना कळवू का?'

वा! नवा प्रोग्रॅम घेतल्याचं सगळ्यांना कळायलाच हवं की! सूनबाईंनी 'हो' दाबलं. मग जुना प्रोग्रॅम मुळासकट उपटून टाकला. तेवढ्यात छकुली उठली. काय ती कामगिरी! मेंदू जागेवर होता!

दुपट्याची घडी होते न होते तोच फोन वाजला. चुलत दीर.

"हॅलो, भावोजी?"

पलीकडून "आई गं!" अशी किंकाळी आली आणि फोन बंद! रेंज नसेल, असं सूनबाई म्हणताहेत तोवर दुसरा फोन. सासऱ्यांचे मावसभाऊ, दातांचे डॉक्टर.

"सूनबाई, पेशंटच्या तोंडात माझा हात, आणि मोबाइलवर माझ्याच निधनाची बातमी! 'कळवण्यास अत्यंत दुःख होते!' पेशंटने वाचली. तसाच आ वासून पळाला!"

सूनबाई कॉम्प्युटरकडे धावल्या. नव्या प्रोग्रॅममध्ये डॉक्टरकाका उघडले तर खरंच, 'हयात नाही'!

"बाबा!"

सासऱ्यांनी डोळे चोळत येऊन स्क्रीन पाहिला. "बरोबरच आहे ते. माझी कवळी बसेना, तर म्हणाला तुझं तोंडच वाकडं आहे. त्याच दिवशी मारला."

"मारला?"

"तुझ्या त्या... माझ्या प्रोग्रॅमची खोड होती ना! जिवंत माणसाचा वाढदिवस आला की ठणाणा गाणं वाजवायचा. ज्याच्याशी अबोला, त्याचं गाणं कोण ऐकेल? 'हयात नाही'वर टिचकी मारली की शांत!"

इतक्यात दाराची बेल कर्कश वाजली. दारात आत्याबाई! सासऱ्यांची थोरली बहीण. गेली काही वर्षं त्यांनी या घराचा उंबरठा ओलांडला नव्हता.

"कुठाय तो बाळ्या? कधी गेले रे मी?"

'बाळ्या' खुर्चीमागे सरकला. "पत्त्यांत बदामाचा एक्का लपवलास, त्या दिवशी."

"लपवला नव्हता, मांडीखाली गेला होता!"

आत्याबाईंनी चष्मा चढवून स्क्रीनवर नाक टेकवलं. "आणि हे काय? गेले, परत आले, परत गेले... दरवर्षी?"

सूनबाईंनी तारखा पाहिल्या. "आत्याबाई, दरवर्षी तुमच्या वाढदिवसाला बाबांनी तुम्हाला जिवंत केलंय. एका दिवसासाठी."

सासरे छताकडे बघू लागले. "तेवढं गाणं ऐकायचो. मग परत मारायचो."

आत्याबाईंनी पदराने चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता. "मग मेल्या, फोन का नाही केलास?"

"मेलेल्या माणसाला फोन कसा करणार, ताई?"

आत्याबाई फस्सकन हसल्या आणि हसताहसता रडल्या. सासरे रडले. भूक लागली म्हणून छकुलीही रडली. सूनबाईंनी मात्र पदर खोचून आत्याबाईंना जिवंत केलं, डॉक्टरकाकांना उठवून बसवलं, आणि यादी चाळता चाळता त्या एका नावाशी थबकल्या.

"बाबा, हे... मी?"

'हयात नाही.' तारीख आजची!

"खटारा म्हणालीस ना मघाशी," सासरे चाचरत म्हणाले. "संध्याकाळी करणारच होतो जिवंत. तेवढ्यात तूच जुना प्रोग्रॅम उपटलास! पण एक कबूल करतो हो, एकही माणूस हरवला नाही."

आता दिरांच्या किंकाळीचा उलगडा झाला! आणि जिन्यात धडधड पावलं वाजली. नवरा ऑफिसातून धावत आला होता. केस उभे, गळ्यात ओळखपत्र, डोळे लाल. सूनबाईंना पाहून तो दारातच मटकन बसला.

"तू... तू..."

छकुलीला थोपटत सूनबाईंनी त्याच्याकडे अगदी मायेने पाहिलं.

"संध्याकाळपर्यंत नाहीये मी. तोवर चहा तूच टाक!"