डंबेलचा खरा उपयोग

वजन उतरवीन म्हणालो आणि उतरवून दाखवलं! या वयात! आयुष्यभर लेथ मशीनवर लोखंड सोललं, मग स्वतःचं पोट सोलणं काय अवघड? आहारतज्ज्ञ बाईंच्या सांगण्यावरून साखर सोडली, तळलेलं सोडलं. सकाळी बागेत फेऱ्या, रात्री सूप आणि काकडी. ‘आता या वयात काय उपयोग?’ असं म्हणायची ज्यांना खाज आहे, त्यांनी ती स्वतःच्या पोटावर खाजवावी. तिथं जागा भरपूर असेल!

पण वजन उतरलं आणि तिथंच माझा घात झाला.

परगावी राहणाऱ्या लेकीने मला एक वजनकाटा पाठवला होता. इथे मी त्यावर चढलो की माझं वजन तिकडे तिच्या मोबाइलवर! सोबत तीन-तीन किलोचे दोन डंबेल. गुलाबी! लेथवाल्या माणसाला गुलाबी!

सुरुवातीला वजन जरा वाढलं की फोन वाजायचा.

‘बाबा, काल काय खाल्लंत?’

‘काही नाही गं.’

‘खोटं बोलू नका. काटा सगळं सांगतो.’

की लागलं भांडण! दोन्हीकडचे चहा गार होईपर्यंत! बायको गेल्यापासून या घरात माझ्याशी कोणी भांडलं नव्हतं. भिंती नुसतं ऐकून घेतात.

मग वजन उतरायला लागलं आणि फोन बंद. त्याऐवजी रोज सकाळी मोबाइलवर एक अंगठा. शाब्बास म्हणे! अंगावरचं सहा किलो मांस दिलं आणि बदल्यात काय, तर अंगठा! मी फोन केला की, ‘बाबा, मीटिंगमध्ये आहे, नंतर करते.’ हे ‘नंतर’ कुठल्या वारी येतं, ते मला अजून कळलेलं नाही.

एका सकाळी डोकं फिरलं. एक डंबेल हातात घेतला आणि काट्यावर चढलो. लगेच फोन!

‘बाबा! एका रात्रीत तीन किलो?’

‘केक खाल्ला.’

‘अख्खा?’

‘हो! क्रीमसकट!’

काय झापलं तिने! दिवसभर मी शीळ घालत फिरत होतो.

पुढच्या आठवड्यात दोन्ही डंबेल घेतले. फोन नाही. नुसता मेसेज : ‘बाबा, जपा.’ माझं टाळकंच सटकलं. खिडकीतून ‘डबल बेल’ला हाक मारली. डबल बेल म्हणजे तळमजल्यावरचा रिटायर्ड कंडक्टर, देहाने बसइतकाच ऐसपैस. लिफ्ट बंद होती. तीन जिने चढून तो फुसफुसत आला.

‘काय आग लागलीय?’

‘मी काट्यावर उभा राहतो. तू फक्त एक पाय टेकव.’

‘वेड लागलंय का तुला?’

‘टेकव रे!’

त्याने टेकवला. एका पायानेच आकडा बारा किलोने उडाला! तो सोफ्यावर आडवा झाला, मी फोनपाशी बसलो.

फोन आला नाही. ॲम्ब्युलन्स आली!

वजन एकदम वाढलं तर अंगात पाणी साठलेलं असू शकतं, हृदय थकलेलं असू शकतं, असं डॉक्टरने लेकीला बजावून ठेवलं होतं म्हणे. मला कोण सांगतो?

स्ट्रेचर घेऊन दोघे जण आत आले. मी दारात ठणठणीत उभा, आणि सोफ्यावर डबल बेल लालबुंद, धापा टाकतोय. त्यांनी विचारलंसुद्धा नाही. उचलला!

‘अरे, मी पेशंट नाही! मी कंडक्टर आहे!’

‘काका, बोलू नका.’

‘भ्रम झालाय बहुतेक,’ दुसरा म्हणाला.

‘अहो, तो नाही, मी!’ मी जिन्यावरून ओरडत होतो.

‘आजोबा, नातेवाइकांनी धीर धरायचा असतो!’

संध्याकाळी लेक पोचली. ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात तसंच. हॉस्पिटलात डबल बेल खाटेवर बसून उकडलेल्या भाज्यांना शिव्या घालतोय आणि मी स्टुलावर. तिने त्याला पाहिलं, मला पाहिलं आणि आधी माझीच नाडी बघितली. घरी आलो, तर काट्याशेजारी डंबेल पडलेले. लेथवाल्याची पोर ती, तिला हिशेब लगेच लागला.

‘मला सांगायचं होतंत ना, बाबा.’

‘फोन केला होता. तू मीटिंगमध्ये होतीस.’

ती भांडलीसुद्धा नाही. मी मात्र तिच्या भांडण्याची वाट बघत बसलो.

दोन दिवस राहिली. जाताना डंबेल बॅगेत कोंबले. ‘हे जप्त! आणि मीपण असाच काटा घेतेय. माझं वजन तुम्हाला दिसेल. ओरडा हवं तेवढं.’

ओरडणार कशावर? तिचं वजन तसूभर हलेना. घर पुन्हा गप्प. मी रोज तिला अंगठा पाठवत होतो. हो, मीच!

मग एका रविवारी सकाळी मोबाइल वाजला. तिचं वजन सहा किलोने वाढलेलं! एका रात्रीत! माझ्या छातीत धस्स झालं. चहाचा कप तसाच ठेवून फोन लावला. तिने लगेच उचलला.

‘काय गं, बरी आहेस ना? अंगावर सूज आहे का? डॉक्टरला बोलाव!’

‘बरी आहे, बाबा.’

‘मग सहा किलो आले कुठून?’



‘गुलाबी आहेत,’ ती म्हणाली.

चहा गार झाला. मूर्खपणाही वारशाने जातो, हे त्या आहारतज्ज्ञ बाईंनी मला कधी सांगितलं नव्हतं!