परबकाकांचा ब्रेक

परबकाकांना स्टॉपवर उभं राहून बस मिळालेली मी तरी कधी पाहिली नव्हती. बस दिसत नाही म्हटल्यावर ते पुढच्या स्टॉपकडे चालू लागायचे. तिथेही दिसली नाही की त्याच्या पुढच्या. बस नेमकी दोन स्टॉपच्या मधे त्यांना गाठायची आणि निघून जायची. हे तिला हात करायचे आणि चालत स्टेशनला पोचायचे. वर खिशात महिन्याचा पास!

"काका, दोन मिनिटं थांबा ना एका जागी!" मी एकदा ओरडलेच.

"जल्म गेलो बसमदी उभो ऱ्हवान. आता स्टॉपार पण उभो ऱ्हवू?"

काका निवृत्त बस कंडक्टर, मूळचे मालवणकडचे. चारकोपच्या आमच्या सोसायटीत माझ्या समोरचं दार त्यांचं. काकी गेल्यापासून एकटेच असतात. म्हणजे, घरात असतात कुठे? सकाळी कोथिंबीर आणायला निघालेला माणूस दुपारी गोराईहून फोन करतो, "गो नीता, बोंबील बरे आसत. आणू?" गोराईच्या बोटीतसुद्धा ते बसत नाहीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारतात. बोटवाला एकदा वैतागून म्हणाला, "काका, चालतच जायचं होतं तर तिकीट कशाला काढलंत?"

अशा माणसाला त्याच्या मुलीने गाडी घेऊन दिली. आता बोला!

मेघा बंगळूरला असते, गाड्यांची सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत. बाप उन्हातान्हात वणवण करतो म्हणून तिचा जीव खालीवर. गाडी साधीसुधी नव्हे, इंटरनेटला जोडलेली. इथे काकांनी चालू केली की तिथे मेघाच्या मोबाइलवर टिंग. दार नीट लागलं नाही, टिंग. जोरात ब्रेक मारला, टिंग टिंग. शिवाय प्रत्येक फेरीला मार्क. काका गाडीला येताजाता शिव्या घालायचे. "गाडी कसली, चुगलखोर मेली! देवान पाय कित्याक दिल्यान?" असं म्हणत तिच्यावर कव्हर चढवायचे आणि चालत सुटायचे. फक्त रविवारी सकाळी, बॅटरी उतरू नये म्हणून, गोराईच्या जेट्टीपर्यंत एक फेरी मारायचे.

एका शनिवारी काका माझ्या दारात. घामाघूम. चप्पल काढायची, घालायची, परत काढायची, असं चाललेलं.

"मेघा गाडी इकूया म्हणता."

"अरे वा! सुटलात की!"

"सुटलंय कसलो! नापास केल्यान माका. सारखो ब्रेक मारतंय म्हणता. उद्या तू माझ्यावांगडा गाडीत बस आणि तिका सांग, बाबा बरे चालवतत म्हणान. गाडी जाता नये, गो."

मी चाटच पडले. ज्या गाडीला रोज शिव्या, तिच्यासाठी हा माणूस रडकुंडीला? सोसायटीत तर पार्किंग रिकामं होणार म्हणून दोघातिघांनी आधीच नंबर लावले होते.

रविवारी बसले बाजूला, देवाचं नाव घेऊन. आणि काय सांगू, काका झकास चालवत होते! स्पीडब्रेकरवर पोटातलं पाणी हललं नाही. एक रिक्षा आडवी घुसली, तिलाही शांतपणे वाट दिली. मी मनातल्या मनात मेघाला झापत होते. जेट्टीच्या रस्त्याला लागलो. रस्ता मोकळा, पुढेमागे चिटपाखरू नाही. काकांनी आरशात पाहिलं, मला म्हणाले, "पट्टो घट आसा मा?" आणि घच्चकन ब्रेक मारला.

"अहो काका!"

"कुत्रो."

"कुठाय कुत्रा?"

"गेलो."

थोडं पुढे गेल्यावर पुन्हा आरसा, पुन्हा घच्च. या खेपेला म्हणे मांजर होतं. माझं डोकंच फिरलं. मी तोंड उघडणार तोच त्यांनी गाडी कडेला घेतली, मोबाइल काढून मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसून राहिले. पाय हलत नाही, बोट हलत नाही. काकांना असं बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

फोन वाजला.

"बाबा! परत दोनदा? लागलं नाही ना कुठे? गोळी घेतली? काल जेवलात तरी का?" मेघा तावातावाने बोलत होती.

"घेतलंय गो... पेज केलंय... तू कशी आसस? खोकलो गेलो?" ओरडा खाताना कुणाचा चेहरा इतका खुललेला मी जन्मात पाहिला नव्हता.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "काका, तुम्हीच का नाही हो तिला फोन करत?"

त्यांनी स्टिअरिंगवरची धूळ पुसली. तिथे धूळ नव्हतीच. "आठवडोभर कामात आसता, रविवारी निजता. मी फोन केलंय तर 'नंतर करते बाबा' म्हणता. मगे नंतर ऱ्हवता. ब्रेक मारलंय की तवाच करता."

 येताना ते पुन्हा झकास चालवत आले.

संध्याकाळी मी मेघाला फोन केला. बाबा उत्तम चालवतात हे सांगितलं, आणि मग रिकाम्या रस्त्यावर ब्रेक का मारतात, तेही सांगून टाकलं. 

गाडी तरीही विकली. "नीताताई, असे ब्रेक मारत राहिले तर एखाद्या दिवशी कुणी मागून ठोकेल," मेघा म्हणाली, आणि ते खरंच होतं. चावी देताना काकांनी बॉनेटवर थोपटलं. नंतरचा आठवडा ते गोराईलासुद्धा गेले नाहीत.

रविवारी सकाळी मी दूध आणायला खाली उतरले, तर काका स्टॉपवर. फोन कानाला.

"आज मी ब्रेक खंय मारलंय गो? तरी फोन केलंस?"

बस आली. कंडक्टरने त्यांना ओळखलं, "चला काका!" म्हणून हाक मारली. काकांनी नुसता हात हलवला. बस गेली. मागून दुसरी आली, तीही गेली. काका तिथेच, एका जागी, उभे होते.