एका संघाची चार बारशी

कोणतीही संस्था जिंकली की श्रेय आपोआप वर जातं आणि हरली की जबाबदारी तितक्याच सहजपणे खाली उतरते. पाण्याला वर चढवायला निदान पंप लागतो, श्रेयाला तोही लागत नाही. या नियमाचा आमच्या कंपनीइतका शिस्तबद्ध वापर अख्ख्या दोहा शहरात कुणी केला नसेल.

आमची कंपनी इमारती बांधते. पण इमारती काय, कोणीही बांधतं. म्हणून मोठ्या साहेबांनी गेल्या वर्षी व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलचा संघ काढला. (या फुटबॉलमध्ये पायाचं काम बेताचंच. चेंडू बगलेत मारून पळायचं आणि समोरच्यांनी अंगावर येऊन पडायचं. आमचे खेळाडू यातला पडण्याचा भाग उत्तम करत.) खेळाडू अमेरिकेतून आले आणि प्रेक्षक बरवा अल बराहा या कामगार वसाहतीतून, म्हणजे आमचेच कामगार. शुक्रवारी, आठवड्याच्या एकुलत्या एका सुट्टीला, कंपनीच्या बसेस त्यांना खोल्यांवरून उचलून मैदानावर आणत. उपस्थिती ऐच्छिक होती. हजेरी मात्र दोनदा घेतली जाई.

पहिला सामना संघ त्रेचाळीस-शून्य असा हरला. चौकशी समितीने निष्कर्ष काढला की खेळाडू उत्तम आहेत, पण प्रेक्षक मनापासून ओरडत नाहीत. त्यावर जे धोरण निघालं, त्याला तोड नाही. संघ पहिला सामना जिंकेपर्यंत कामगारांच्या वार्षिक रजा थांबवून ठेवायच्या. नाकारायच्या नाहीत, हे परिपत्रकात जाड अक्षरात होतं. रजा फक्त विजयाशी जोडायची. माणूस घरी जाण्यासाठी जितका ओरडेल तितका कुठल्याही खेळासाठी ओरडणार नाही, हे कोण नाकारील? (दुसऱ्या सामन्यात आवाज तीनशे टक्क्यांनी वाढला. पराभव जवळपास तेवढाच राहिला.)

या धोरणात जालिंदर अडकला. हा परांची बांधणारा, बीडकडचा. त्याची बायको बबीता गावी बाळंत झाली होती आणि मुलीचं तोंड त्याने फक्त मोबाइलवर पाहिलं होतं. त्याची आई फुलाबाई हट्टाची. बाप आल्याशिवाय बारसं नाही, असं तिने भावकीत जाहीर करून टाकलं. त्यामुळे मुलीला नाव नव्हतं.

जालिंदर रजा विभागात नॉर्मनकडे गेला. नॉर्मन वसईचा, मनाने अतिशय मऊ, आणि म्हणूनच त्याला रजा विभागात बसवलं होतं.

"साहेब, लेकरू पालथं पडाय लागलं. अजून नाव नाही त्याला. माय म्हणती, तू येशील तवाच."

"जालिंदर, मी रिजेक्ट नाय केली रे. पेंडिंग आहे. एक मॅच जिंकू दे, की यल्ला, चल घरी, दुसऱ्या दिवशी तिकीट!"

"अन् नाहीच जिंकले तर?"

"जिंकतील. इन्शाल्ला," नॉर्मन म्हणाला. संघाविषयी कंपनीत केलं गेलेलं हे शेवटचं आशावादी विधान.

तिसऱ्या पराभवानंतर दोष संघाच्या नावात सापडला. मूळ नाव होतं 'दोहा डॉमिनेटर्स'. मग अल अझीझियातल्या एका व्हिलात नामकरण समिती बसली आणि तिने 'थंडर ऑरिक्स' हे नाव दिलं. (ऑरिक्स म्हणजे इथलं लांब शिंगांचं हरीण. संकट दिसलं की पळतं. संघाने हा गुण लगेच उचलला.) त्यानंतर 'सँड शार्क्स'. वाळूत शार्क कसा राहील, अशी शंका काढणाऱ्या सभासदाला समितीतून मोकळं करण्यात आलं. शार्क्सही बुडाल्यावर 'रॉयल टर्बो'. दर नावाला नवे कपडे, फुगे आणि केक. कामगारांनाही केकचा तुकडा मिळे, आणि तो हसत खाताना फोटो काढला जाई.

तिकडे पोरगी रांगायला लागली. घरचे तिला "अगं ए" म्हणून हाक मारत, आणि ती त्या हाकेला वळून बघायला शिकली. हे बबीताने फोनवर कौतुकाने सांगितलं. दुसऱ्या दिवशी जालिंदर नॉर्मनकडे आला.

"साहेब, कमिटीपशी एखादं उरलंसुरलं नाव असंल तर द्या."

नॉर्मनने मान खाली घातली आणि पुढची फाइल उघडली.

शेवटच्या सामन्याला मात्र चमत्कार झाला. प्रतिस्पर्धी संघाच्या निम्म्या खेळाडूंची पोटं बिघडली, संघ मैदानावर आलाच नाही, आणि पंचांनी आम्हाला विजयी घोषित केलं. कामगार खुर्च्यांवर चढून नाचले. जालिंदरने तिथूनच फोन लावला. "बबे, पाळणा काढ! येतोय मी!" मोठ्या साहेबांचा चषकासह फोटो दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये लागला.

रविवारी परिपत्रक आलं. सामना खेळलाच न गेल्यामुळे या विजयात ओरडण्याचा वाटा सिद्ध होत नव्हता. विजय तांत्रिक होता. सबब कामगारांच्या रजाही तांत्रिकदृष्ट्या मंजूर समजण्यात याव्यात. प्रवास करू नये.

"सॉरी, जालिंदर. खलास," नॉर्मन म्हणाला. जालिंदर तिथेच, सगळ्यांच्या देखत, हुंदके देऊन रडला. मग त्याने घरी सांगितलं, "माय, माझी वाट बगू नका आता. ठेवा नाव." बारसं झालं. ते त्याने खोलीत कॉटवर बसून मोबाइलवर पाहिलं. पोरगी पाळण्यात मावेना, सारखी उठून उभी राही. आत्याने कानात नाव सांगितलं, बायांनी ते मोठ्याने म्हटलं, आणि खोलीतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

नवा हंगाम ऑक्टोबरात सुरू होतोय. संघाचं नाव आता 'फायर फाल्कन्स' असेल आणि रंग केशरी. प्रशिक्षक टेक्सासहून येताहेत. हेल्मेटवर ससाण्याचा डावा पंख असावा की उजवा, यावर समितीत दोन तट पडले आहेत.

तर संघाची पाचही नावं तुम्हाला आता ठाऊक झाली. पोरीचं काय ठेवलं ते मी लिहिलेलं नाही, आणि तुम्ही पंखापर्यंत निवांत वाचत आलात. मनाला लावून घेऊ नका. नामकरण समितीत एक जागा रिकामी आहे; तुम्ही अर्ज कराच.