पाकातले गोळे मागणारी

माझी मैत्रीण सगुणा पंगतीत कधी गुलाबजाम मागत नाही. "ते पाकातले गोळे वाढ ना रे बावा," म्हणते. गुलाबी लुगडं तिच्या लेखी 'फिक्कट लाल'. कारण माझं नाव गुलाब, आणि आम्ही दोघी भुजली. राखीच्या दुसऱ्या दिवशी टोपलीत उगवलेले गव्हाचे पिवळे कोंब एकमेकींच्या कानांवर खोचले, की पोरी जन्माच्या भुजली होतात. मग नाव घ्यायचं नाही, नुसतं 'भुजली' म्हणायचं. आमच्या कामठा गावातल्या बाकी पोरी हे वर्षभरात विसरल्या. मीही विसरले. सगुणा नवऱ्याचं नाव चारचौघांत खणखणीत घेते, माझं घेत नाही.

तिची दुसरी खोड म्हणजे, "माहीत आहे मले, पण सांगायची नाही." काहीही विचारा. देवरीच्या थांब्यावर एका म्हाताऱ्यानं विचारलं, "गोंदियाची गाडी गेली काय वो बाई?" हिचं उत्तर ठरलेलं. म्हातारा हुशार. ही बसली आहे म्हणजे गाडी यायची आहे, असं ताडून तोही शेजारी बसला.

या खोडीपायी आमची तीस वर्षं गेली. खरं तर माझ्या अकलेपायी गेली, पण ते नातवंडांसमोर कशाला बोलू!

मी एकोणीस वर्षांची होते. देवरीकडचा एक मुलगा मला पाहायला आला. मी मान खाली घालून पोहे दिले, त्यामुळे दिसले ते फक्त त्याचे बूट. काय चकाकत होते! माझा जीव जडला तो त्या बुटांवर. महिनाभर मी त्यांच्याशी मनातल्या मनात संसार केला. आणि एका सकाळी बाबा म्हणाले, "लग्न मोडलं. तुझ्या भुजलीनं तिकडे जाऊन काहीबाही सांगितलं."

मी तडक सगुणाच्या दारात. "तूच सांगितलंस ना?"

ती धान पाखडत होती. सूप थांबलं. "माहीत आहे मले, पण सांगायची नाही."

"मेलीस तरी तुझं तोंड पाहणार नाही!" असं ओरडून मी घरी आले आणि तीन दिवस अन्न सोडलं. मुरमुरे आणि गूळ मी अन्नात धरले नव्हते.

पुढे माझं लग्न झालं, चांगलं झालं. नवरा आयुष्यभर चपलाच घालत आला. सगुणाही देवरीला नांदायला गेली. तोंड पाहायचं नाही म्हटलं होतं, ते मी नेटानं पाळलं. मूर्खपणात माझा हात धरणारं कोणी नव्हतं.

पन्नाशी उलटल्यावर मुर्रीला एका लग्नात जेवत होते. मागच्या पंगतीतून आवाज आला, "अरे बावा, ते पाकातले गोळे इकडे आण!"

माझा घास हातातच राहिला. तीस वर्षं मी हिला शिव्या घातल्या, अन् ही बया अजून माझं नाव राखून होती!

जेवणं झाल्यावर ती मांडवामागे चटईवर एकटी बसलेली दिसली. मी जाऊन समोर उभी राहिले.

"काय वो भुजली, जाडी झालीस," ती म्हणाली. जणू कालच भेटलो होतो.

"कायले मोडलंस माझं लग्न?"

"तुझा बाप गेला ना आता?"

"चार वर्षं झाली."

"मग सांगतो. त्या पोट्ट्याची पहिली बायको घरात नांदत होती. माझ्या मामानं पाहिली होती. मी तुझ्या बापाले सांगितलं. गावभर पेढे वाटून बसला होता तो, चौकशी न करता. कोणत्या तोंडानं सांगंल? 'तुझं नाव पुढे करू दे' म्हणाला. हात जोडले वो त्यानं मले."

माझे बाबा! गावचे तंटे सोडवणारे! मी चटईच्या कडेला मटकन बसले.

"अन् मले काऊन नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं त तू बापाशी बोलली नसतीस. बाप एकच राहते. मैतरणी का, भेटतेत दुसऱ्या."

"तुले भेटली?"

सगुणा पदरानं कोरडेच हात पुसत राहिली.

"पाहाले गेलोच नाही," म्हणाली, आणि मला नीट बसता यावं म्हणून जरा सरकली.