नळातला बिब्बा

सिल्वासातील आमली भागात कामगारांच्या एका चाळीला सार्वजनिक नळ मंजूर झाला होता. मंजूर झालेली वस्तू मिळेलच, असे शासनाने कधीही म्हटलेले नाही. पाइप आले, पण चाळीला वळसा घालून शेजारच्या अभियंत्यांच्या वसाहतीत गेले. चाळीतल्या मंजुळाबाई गुडघे चोळत लांबच्या विहिरीवरून हंडे आणत राहिल्या.

१९८९च्या दिवाळीनंतर तक्रार निवारण सभा भरली. साहेब उत्तरेकडून नुकतेच बदलून आलेले. त्यांना मराठी येत नव्हती. म्हणून कल्पेश नावाचा कारकून दुभाषी नेमला होता. त्यालाही मराठी धड येत नव्हती, पण गुजरातीमुळे तो जवळपास पोचत असे.

"साहेब," मूळच्या धुळ्याकडच्या मंजुळाबाई म्हणाल्या, "आमचा नळ मंजूर व्हता. मधीच कोनी तरी बिब्बा घातला!"

"सर, इनके नल में किसीने भिलामा डाल दिया," कल्पेशने सांगितले.

"भिलावा? अरे, उससे तो चमड़ी जल जाती है!"

सभागृहात हशा पिकला. वसाहतीतले शशिकांत साहेब तर तोंडाला रुमाल लावून गदगदत होते. रुमाल पाहून नव्या साहेबांना वाटले, विषाचा वास इथवर आला. त्यांनी जागेवरच आदेश दिला: पाण्याची तपासणी होईपर्यंत नळ बसवू नये.

"तपासनीले पानी कोठून आनू?" मंजुळाबाईंनी विचारले.

"नळातून," कल्पेश शांतपणे म्हणाला.

"नळच नाही ना, भाऊ!"

"म्हणून तर अजून कोणाला काही झालं नाही, काकी."

विष आहे म्हटल्यावर त्याचा उगम हवा. चाळीमागे बिब्ब्याचे एकच झाड होते. झाड तसे सालस. थंडीत पोरे त्याची पिकलेली नारिंगी बोंडे खात, बाळंतिणीच्या लाडवांत त्याची गोडंबी पडे, भेगाळलेल्या टाचांना त्याचे तेल लागे. चीक अंगाला लागला तर मात्र फोड येऊन उतत असे, म्हणून त्याला कोणी उगाच खाजवत नसे. शासनाने त्याला संशयित ठरवले आणि विश्वनाथ नावाचा पहारेकरी बसवला. सरकारी माणसाला तहान लागणारच, म्हणून आठवड्याच्या आत झाडाखाली नळ आला. वर पाटी होती: 'फक्त पहाऱ्यासाठी'.

मंजुळाबाई हंडा घेऊन आल्या.

"नको हो, बाई," विश्वनाथ कळवळून म्हणाला. "तक्रारदारालाच विष पाजलं म्हणतील."

फाल्गुनात झाडाने सगळी पाने टाकली. दरवर्षीच टाकते. साहेबांनी लांबूनच पाहणी करून शेरा मारला, 'संशयित मयत.' प्रकरण मिटले. पहारा उठला, नळही उपटून नेला. आमच्या नळाचे काय, असे मंजुळाबाईंनी विचारले, तेव्हा मिटलेल्या प्रकरणात नळ देता येत नाही, असे उत्तर मिळाले.

ज्येष्ठात झाड पुन्हा हिरवेगार झाले. कागदोपत्री मेलेल्याने पाने फोडणे म्हणजे शासनाची उघड फसवणूक. साहेब खात्री करायला स्वतः आले. त्यांनी नखाने साल खरवडली आणि त्याच हाताने घाम पुसला. दुसऱ्या दिवशी त्यांचा चेहरा भोपळ्याएवढा झाला होता.

आता आरोप वाढला: शासकीय कामात अडथळा. झाडावर मराठीत नोटीस डकवायची होती. डिंकाची बाटली घेऊन आलेल्या कल्पेशने मंजुळाबाईंनाच गाठले.

"काकी, कामात कोणी अडथळा आणला, तर तुमच्यात साधं काय बोलतात?"

"बिब्बा घातला, असं म्हनतो."

कल्पेशचा हात झाडाजवळ तसाच थांबला. "म्हणजे त्या दिवशी तुम्ही..."

"तेच तं सांगत व्हते, भाऊ."

"अरे देवा! मग सभेत एवढे मराठी लोक बसले होते, कोणी बोललं का नाही?"

मंजुळाबाईंनी डोक्यावर चुंबळ ठेवली. "हसत व्हते ना," त्या म्हणाल्या आणि विहिरीकडे निघाल्या.

कल्पेशने चूक दुरुस्त करण्याचा प्रस्ताव धाडला. पण भाषांतर चुकले म्हणावे, तर साहेबांचा चेहरा सुजला कशाने? प्रस्ताव फेटाळला गेला.

वसाहतीतले शशिकांत साहेब ही गोष्ट आजही पाहुण्यांना रंगवून सांगतात. लोक पोट धरून हसतात. हसताहसता एखाद्याला ठसका लागतो, मग कोणीतरी उठून नळाचे पाणी आणून देते.

तुम्हालाही लागला असेल, तर घ्या दोन घोट. तुमच्याकडे नळ आहे.